उन्हाची सवलत : दूरचित्रवाणीवरील व्हॅम्पायर आणि सूर्यप्रकाशाचा नियम

१९९९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील डब्ल्यूबी या वाहिनीवर दोन आठवड्यांच्या अंतराने दोन प्रसंग दाखवले गेले. पहिला 'एंजल' या नव्या मालिकेच्या आरंभीच्या भागातला. लॉस एंजेलिसमधील एका उंच इमारतीत रसेल विंटर्स हा धनाढ्य व्हॅम्पायर आपल्या वकिलांसह बैठकीला बसला आहे. नायक त्याची खुर्ची लाथेसरशी काचेबाहेर ढकलतो, आणि भर उन्हात कोसळणारा विंटर्स जमिनीला टेकण्यापूर्वीच जळून राख होतो. खाली येऊन आदळते ती रिकामी खुर्ची. दुसरा प्रसंग 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या मूळ मालिकेतला. स्पाइक नावाचा व्हॅम्पायर ऊन न बाधणारी एक मंतरलेली अंगठी घालून दिवसाढवळ्या नायिकेशी झुंजतो. ती त्याच्या बोटातून अंगठी ओढून काढते. त्याच्या अंगातून धूर निघू लागतो, आणि तो धडपडत भुयारी गटारात उडी टाकून निसटतो. सूर्य एकच, प्रदेश एकच आणि निर्माताही एकच, जॉस व्हेडन. एकाला काही क्षणांत भस्म करणारे ऊन दुसऱ्याला पळून जाण्याइतका अवधी कसा देते, असा प्रश्न चौकस प्रेक्षकाला पडला तर त्यात नवल नाही.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर लेखकांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवते. मालिका अनेक हातांनी लिहिली जाते, भाग घाईने चित्रित होतात, मागे काय सांगितले होते याचे भान राहत नाही, असे म्हटले जाते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. मुळात ज्या नियमाचा भंग झाला असे मानले जाते तो नियम किती जुना, त्याला आधार कोणाचा आणि तो कोणत्या माध्यमासाठी घडला, हे पाहिल्यावाचून भंगाची मीमांसा करता येत नाही.

व्हॅम्पायरविषयीच्या युरोपीय लोकसमजुतींची पहिली ठळक सरकारी नोंद अठराव्या शतकातील सर्बियातून येते. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १७२५ साली किसिल्येवो गावातील पेतार ब्लागोयेविच आणि पुढे मेद्वेजा गावातील आर्नोल्ड पाओले यांची प्रकरणे गाजली. दुसऱ्या प्रकरणात लष्करी शल्यवैद्य योहानेस फ्ल्यूकिंगर याने १७३२ साली सादर केलेला अहवाल युरोपभर वाचला गेला. या कागदांत न कुजलेली शरीरे आहेत, तोंडाशी ताजे रक्त आहे, वाढलेली नखे आहेत. उन्हाने जळणे मात्र नाही. थडगी उकरून प्रेते उघड्यावर काढली गेली. त्यांचा नाश करण्यासाठी गावकऱ्यांना छातीत खुंटी ठोकावी लागली आणि शरीर अग्नीत जाळावे लागले. ऊन पुरेसे असते तर लाकडे जमवण्याचे कारण नव्हते. प्रेताने रात्री हिंडावे आणि दिवसा थडग्यात पडून राहावे ही समजूत होती. पण ती त्याच्या दिनक्रमाविषयीची होती, मृत्यूविषयीची नव्हती. कोकणात भुताखेतांच्या वेळा सांगताना मध्यरात्रीबरोबर भर दुपारही सांगतात. उजेड आणि भूत यांचे वैर सर्वत्र गृहीत धरलेले नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यानेही सूर्याकडे फारसे लक्ष दिले नाही. जॉन पॉलिडोरीच्या १८१९ मधील कथेतला लॉर्ड रुथवेन उमरावांच्या समाजात उजळ माथ्याने वावरतो. मेल्यावर आपले शव डोंगरमाथ्यावर चंद्राच्या पहिल्या शीतल किरणात ठेवण्याची व्यवस्था तो करून ठेवतो, आणि त्या किरणाने पुन्हा उठतो. पुढे सवंग साप्ताहिक अंकांतून निघालेल्या व्हार्नीच्या कथेतही चांदणे हेच संजीवन आहे. शेरिडन ल फानूची कार्मिला (१८७१-७२) दुपार कलल्यावर खोलीबाहेर येते, थोडे फिरून थकते; पण फिरते ती दिवसाच. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) काउंट लंडनच्या पिकाडिली रस्त्यावर उन्हाच्या दिवशी उभा असलेला जोनाथन हार्कर ओळखतो आणि हादरतो. सूर्य वर असताना ड्रॅक्युलाची मायावी शक्ती ओसरते, त्याला रूप बदलणे साधते ते सूर्योदयाला, सूर्यास्ताला किंवा बरोबर मध्यान्ही, असे त्या कादंबरीत सांगितले आहे. तो दिवसा दुबळा होतो, जळत नाही. त्याचा अंतही उन्हाने होत नाही. सूर्यास्ताच्या तोंडावर दोन सुऱ्यांनी होतो. त्यांतली एक गुरख्यांची कुकरी आहे, ही इंग्रजी साम्राज्याने कादंबरीत ठेवून दिलेली एक लहानशी खूण.

सूर्यकिरणाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रूढ झाली ती चित्रपटामुळे. १९२२ साली जर्मनीत फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ याने हेन्रिक गालीन याच्या पटकथेवरून 'नोस्फेराटू' काढला. स्टोकरच्या कादंबरीचे हक्क न घेता केलेले ते रूपांतर होते. म्हणून नावे बदलली आणि शेवटही बदलला. एक निष्कलंक स्त्री स्वेच्छेने काउंट ऑर्लोकला आपल्यापाशी अडकवून ठेवते, कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येते आणि ऑर्लोक धुराच्या एका रेषेत विरून जातो. येथे दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली अशी की, ऊन हे त्या चित्रपटात केवळ साधन आहे. मरण घडते ते स्त्रीच्या आत्मदानाने. पुढील काळाने अट विसरून साधन तेवढे उचलले. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. त्या काळच्या यंत्रणेत रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग देत. रंग नसलेल्या प्रतींत ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत घेऊन लख्ख उन्हातून चाललेला दिसतो. ज्या चित्रपटाने हा नियम जन्माला घातला त्याच्याच काही प्रतींत तो मोडलेला आहे. आणि हा दोष सांभाळण्याची जबाबदारी रंगकाम करणाऱ्यावर होती, लेखकावर नव्हे.

स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिने दावा लावला. १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा निकाल झाला, पण काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर ऊनही वाचले. १९३१ च्या अमेरिकन 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीला खुंटीनेच मारले आहे. १९४३ च्या 'सन ऑफ ड्रॅक्युला' आणि 'द रिटर्न ऑफ द व्हॅम्पायर' या दोन चित्रपटांत मात्र ऊनच मृत्यू बनले. १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात पीटर कुशिंगने पडदा खाली ओढला आणि क्रिस्टोफर ली उन्हात राख झाला, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात हा नियम प्राचीन लोकश्रुती म्हणून कायमचा रुजला. १९८५ साली डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने व्हॅम्पायरच्या समजुतीचे मूळ पॉर्फिरिया या रक्तविकारात असावे असे सुचवले. त्या विकारात त्वचेला प्रकाश सोसत नाही, हा त्याचा एक आधार. सर्बियातील गावकऱ्यांनी कधी न सांगितलेले लक्षण त्यांच्या माथी मारून त्याचे वैद्यकीय कारण शोधण्याचा हा प्रकार होता. अवघ्या काही दशकांपूर्वीची पडद्यावरची युक्ती विद्वानांनाही अनादि वाटू लागली होती.

आता माध्यमाकडे वळता येईल. चित्रपटाला शेवट एकदाच करावयाचा असतो. ऊन त्यासाठी उत्तम: खर्च थोडा, परिणाम मोठा, आणि पहाट झाली की प्रेक्षकही घरी जातो. मालिकेला हा शेवट परवडत नाही. 'डार्क शॅडोज' ही मालिका एबीसी वाहिनीवर १९६६ ते १९७१ या काळात आठवड्याचे पाच दिवस, दुपारी दाखवली जात असे. तिचे एकूण १२२५ भाग झाले. १९६७ साली तीत बार्नाबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर आला. जोनाथन फ्रिड या अभिनेत्याने तो इतका लोकप्रिय केला की काही आठवड्यांचा पाहुणा मालिकेचा आधारस्तंभ झाला. शाळेतून घरी परतलेली मुले टळटळीत दुपारी दिवाणखान्यात बसून, दिवसा शवपेटीतून बाहेर न येणाऱ्या माणसाची वाट पाहत, हा त्या मालिकेतला गोड विरोधाभास.

पण पाहुणा राहायला आला की घरातल्या सगळ्या वेळा बदलाव्या लागतात. दैनंदिन कौटुंबिक मालिकेत माणसे सकाळी न्याहारीला भेटतात, दुपारी वकील येतो, संध्याकाळी भांडण होते. मुख्य पात्र अर्धा दिवस गैरहजर ठेवणे लेखकांना जड गेले. उपाय निघाला तो वैद्यकशास्त्रातून. डॉक्टर ज्यूलिया हॉफमन ही त्याच्यावर इंजेक्शनांचे प्रयोग करते आणि बार्नाबस उन्हात हिंडू लागतो. प्रयोग बिघडतो तेव्हा त्याचे खरे वय एकदम अंगावर येते. ही पहिली 'सवलत'. पुढच्या सगळ्या मालिकांनी तिची नावे बदलली, पण तिचा घाट तोच ठेवला. सवलत मिळते, तिची किंमत सांगितली जाते, आणि ती केव्हाही काढून घेतली जाऊ शकते.

१९९२ ते १९९६ या काळातील कॅनडाच्या 'फॉरेव्हर नाइट'मध्ये टोरांटोच्या पोलीस खात्यातला गुप्तहेर निक नाइट कायम रात्रपाळी मागून घेतो आणि उन्हाची ॲलर्जी असल्याचे सांगतो. येथे नियम मोडलेला नाही. त्यालाच नोकरीचे वेळापत्रक बनवले आहे. 'बफी'ची (१९९७-२००३) अडचण याहून मोठी होती. तिची नायिका शाळकरी मुलगी, शाळा दिवसाची, गाव दक्षिण कॅलिफोर्नियातले, आणि प्रियकर व्हॅम्पायर. उन्हाने ओथंबलेल्या प्रदेशात ही कथा बसवण्यात अर्थातच विनोद होता. लेखकांनी गावाखाली भुयारे आणि गटारे यांचे जाळे कल्पिले. खोलीत ऊन आले तरी ते जमिनीवर पट्ट्याने पडावे आणि पात्राने त्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहावे, अशी व्यवस्था केली. परावर्तित प्रकाश बाधत नाही, थेट किरण बाधतो, हा तपशील कोणी नियम म्हणून सांगितला नाही. छायालेखकाच्या सोयीतून तो आपोआप ठरला. मग चांदणे म्हणजे परावर्तित ऊनच, या जुन्या शंकेलाही त्याने न विचारता उत्तर मिळाले.

जळण्याच्या वेगाचा प्रश्न मात्र राहतोच. या मालिकांतील उदाहरणे जवळजवळ ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. रसेल विंटर्स हा एका भागापुरता खलपुरुष; तो क्षणात जळतो. स्पाइक १९९८ च्या 'लव्हर्स वॉक' या भागात दारूच्या धुंदीत उघड्यावर झोपतो आणि सकाळी जागा होतो तो हात पेटल्यामुळे. ओरडतो, हात विझवतो, कथा पुढे जाते. १९९९ च्या 'पँग्ज'मध्ये तो घोंगडी पांघरून धुमसत दारात येऊन उभा राहतो, आणि प्रेक्षक हसतात. ऊन किती वेळ देते हे शरीराच्या धर्मावर अवलंबून नाही. त्या पात्राचे कथेत पुढे काय होणार आहे यावर आहे. याला विसंगती म्हणावे, पण ती स्वैर नाही. मराठी तमाशात शिपाई राजाला दरडावतो आणि राजा ते ऐकून घेतो, तेव्हा राजसत्तेचा नियम मोडला असे कोणी म्हणत नाही.

तरीही सर्वच सैलपणा सारखा नसतो. १९९८ च्या 'अमेंड्स' या नाताळच्या भागात एंजल पश्चात्तापाने पोळून टेकडीवर सूर्योदयाची वाट पाहत उभा राहतो. त्याला मरायचे आहे. सूर्य उगवतच नाही, कारण सनीडेलमध्ये कधी न पडणारा बर्फ पडू लागतो. नियम अबाधित राहतो आणि तरी पात्र वाचते. योगायोग मोठा आहे. पण तो उघडपणे कृपा म्हणून समोर ठेवलेला आहे, चोरून आणलेला नाही. याउलट जेथे पात्र ओसरीपर्यंत धूर काढत येते आणि पुढच्या क्षणी त्याच्या कपाळावर चट्टाही उरत नाही, तेथे प्रेक्षकाचा विश्वास थोडा थोडा झिजतो. 'एंजल'च्या लेखकांना हे कळत असावे. ज्या रात्री स्पाइकची अंगठी काढली गेली त्याच रात्री दाखवलेल्या 'इन द डार्क' या भागात ती अंगठी एंजलच्या हाती येते. तो गच्चीवर उभा राहून एक सूर्यास्त पाहतो आणि अंगठी दगडाने फोडतो. दिवसा अडलेल्यांना मदतीला इतर माणसे असतात, रात्री अडलेल्यांना नसतात, असा त्याचा हिशेब. निर्मात्यांनी नायकाची अडचण दूर करण्याचे साधन हाती असताना ते त्याच्याच हातून नष्ट केले, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतीय वाचकाला येथे वेताळाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती आठवण करून देण्यात एका भाषांतराचा हात आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त आलेल्या वेताळकथा रिचर्ड बर्टन याने १८७० साली इंग्रजीत आणल्या त्या 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने. वेताळ रक्त पीत हिंडत नाही. गोव्यात आमोण्यासारख्या गावी त्याचे देऊळ आहे, तो गावाचा रक्षक आहे. बर्टनने केलेले नामकरण चुकीचेच मानावे लागते. परंतु तुलना निष्फळ नाही. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल' या मालिकेत नियम एकच होता : राजा बोलला की वेताळ परत झाडावर. तो नियम मोडण्याची गरज कधी पडली नाही, कारण प्रत्येक भाग त्या नियमामुळेच संपत असे आणि पुढचा त्याच्यामुळेच सुरू होत असे. उन्हाचा नियम याच्या नेमका उलट आहे. तो चित्रपटाच्या शेवटासाठी घडला होता. मालिकेला शेवट नको असतो.

एकविसाव्या शतकातील मालिकांनी ही अडचण ओळखून सवलतीलाच कथेचा विषय केले. काहींनी नियम सरळ सोडून दिला. 'मूनलाइट' (२००७-०८) या मालिकेत ऊन केवळ अशक्तपणा आणते; ब्रिटनच्या 'बीइंग ह्यूमन'मध्ये काळा चष्मा पुरतो. 'द व्हॅम्पायर डायरीज'ने (२००९-२०१७) लाजवर्दी खड्याची अंगठी स्वीकारली. अंगठी बोटात असेपर्यंत ऊन बाधत नाही, आणि त्यामुळे स्टेफान साल्वातोर पहिल्याच भागात शाळेत जाऊन बसतो. सोय म्हणून ही युक्ती ढोबळ आहे. मात्र अंगठी कोण देते हे पाहिले की चित्र बदलते. साल्वातोर बंधू १८६४ सालच्या व्हर्जिनियातील जमीनदारांचे मुलगे. त्यांच्या अंगठ्या मंतरणारी एमिली बेनेट ही कृष्णवर्णीय दासी. उन्हात वावरण्याचा हक्क गोऱ्या मालकपुत्रांना मिळतो तो तिच्या विद्येतून. पुढे २०१० मध्ये तिची वंशज बॉनी आपल्या मैत्रिणीला, कॅरोलाइनला, अशीच अंगठी देते. पण कोणाला इजा केलीस तर मंत्र काढून घेईन, ही अट घालून. दक्षिणेतील गुलामगिरीचा इतिहास मालिकेने फारसा उघडपणे हाताळला नाही, ही तिची मर्यादा; या एका वस्तूत मात्र तो नकळत येऊन बसला आहे.

'ट्रू ब्लड'मध्ये (२००८-२०१४) लुइझियानाचा बिल कॉम्प्टन प्रेयसीला वाचवायला दिवसा धावतो, होरपळतो, आणि मातीत पुरल्यावर बरा होतो. तो दीडशेच्या आसपास वर्षांचा व्हॅम्पायर. २००९ च्या पर्वात दोन हजारांहून अधिक वर्षे जगलेला गॉड्रिक जगण्याला कंटाळून गच्चीवर पहाटेची वाट पाहतो आणि निळ्या ज्वाळेत काही क्षणांत नाहीसा होतो. तेथे म्हातारपण उन्हाला लवकर बळी पडते. २०२० च्या जानेवारीत बीबीसीवर आलेल्या, मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेल्या तीन भागांच्या 'ड्रॅक्युला'ने तर नियमाची मुळेच उपटली. शेवटी पडदा खेचला जातो, ऊन काउंटवर पडते आणि काहीच होत नाही. पाच शतके तो जिला घाबरला ती दंतकथा त्याचीच होती. हॅमरच्या १९५८ च्या पडद्याला दिलेले हे उत्तर आहे. हा शेवट अनेकांना पटला नाही. परंतु १९२२ पूर्वीच्या ग्रंथांच्या दृष्टीने पाहिले तर तो स्टोकरच्या अधिक जवळ जातो.

ॲन राइसच्या १९७६ च्या कादंबरीवरून एएमसी वाहिनीने २०२२ मध्ये सुरू केलेली 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही मालिका प्रेक्षकाच्या या नियमावरील विश्वासाचाच उपयोग करते. दुबईतील घरात मुलाखत चालू असताना रशीद हा नोकर उन्हात उभा राहतो. तो उन्हात उभा आहे, म्हणजे माणूस आहे, असे वृद्ध पत्रकार धरून चालतो आणि प्रेक्षकही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस कळते की तो पाचशेहून अधिक वर्षांचा आर्मांद आहे. या मालिकेत वय वाढले की ऊन बाधेनासे होते. कादंबरीतला आर्मांद पूर्व युरोपचा. मालिकेत त्याचे मूळ नाव अरुण, जन्म दिल्लीचा, आणि तो लहानपणी विकला गेलेला. सूर्याचेच नाव असलेल्या मुलाला ऊन जाळत नाही, हा मेळ लेखकांनी जाणूनबुजून घातला असेल किंवा नसेल. २०२४ च्या पर्वात पॅरिसमधील नाट्यगृहाच्या रंगमंचावर क्लॉडियाला शिक्षा म्हणून उन्हात उभे केले जाते. ती मुलीच्याच शरीरात अडकलेली, वयाने फार मोठी नाही. प्रेक्षागृहाला वाटते की हे नाटक आहे. ऊन वरून येते, ती जळते, आणि आर्मांद जिवंत राहतो.